भागीबाईची रानसुपारी

पेठकडच्या डोंगरातली भागीबाई भाताची कापणी आटोपली की मजुरीला नाशकात यायची. १९३१ साली ती शरणपूरच्या बाजूला रावसाहेब निफाडकरांच्या बंगल्यावर कुंड्यांना पाणी घालायला राहिली, ती परत गेलीच नाही. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. कुंड्या साठ होत्या, विहीर खोल होती आणि रावसाहेबांना बागेचं अतोनात वेड होतं. म्हणजे बागेत ते पाऊल टाकत नसत. व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून छडीने हुकूम सोडत.

पुढच्याच वर्षी जंगलखात्यातल्या त्यांच्या जावयाने कारवारकडच्या घाटातून एक झाड पाठवलं. एकाच बुंध्यातून निघालेली, बोटाएवढी जाड चार हिरवी खोडं, त्यांवर सुपारीसारखी वळी आणि वर झुलणारी पानं. सोबतच्या चिठ्ठीत ‘रानसुपारी’ एवढंच नाव होतं. रावसाहेबांना ते फारच गावंढळ वाटलं. त्यांनी इंग्रजीत ‘रॉयल पाम’ अशी पाटी रंगवून घेतली आणि कुंडी पायऱ्यांशी, भर उन्हात ठेवायला सांगितली.

भागीबाईने पानं चाचपून पाहिली. “मालक, हे मोठ्या झाडांखालचं हाय. आमच्या डोंगरात असली लय असतात. ऊन सोसायचं नाय त्याला.”

“राजाचं झाड सावलीत लपून बसत नसतं,” रावसाहेब म्हणाले.

महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. रावसाहेबांनी खूप विचार केला आणि दोष खोडांच्या दाटीवर ठेवला. ते दिवस सत्याग्रहाचे होते. चार जण एकत्र दिसले की रावसाहेबांना सरकारविरोधी सभेचा संशय येई. “ही काय सभा भरवलीय? एक ताठ खोड ठेव. बाकीची उपटून टाक.”

भागीबाईने बाकीची मुळांसकट अलगद सोडवली, पण टाकली नाहीत. न्हाणीघरामागे आंब्याखाली कायम ओल असायची. तिथे तिने पालापाचोळा कुजवून ती लावली. पुढचं एकटं खोड चैत्रात वाळून गेलं. त्याला नाशिकची थंडी बाधली, असं रावसाहेब पाहुण्यांना सांगू लागले.

न्हाणीघरामागे मात्र वर्षागणिक नवे कोंब फुटत गेले. तिनाची अकरा खोडं झाली, लाल फळांचे लोंगर लोंबू लागले. दुपारची भाकर भागीबाई तिथेच बसून खायची. त्या अंधुक हिरव्या सावलीत तिला शहरात असल्याचा विसर पडायचा.

१९३६च्या फुलझाडांच्या प्रदर्शनाला आठ दिवस उरले आणि रावसाहेबांच्या शेवंतीवर कीड पडली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “न्हाणीमागे काहीतरी छान वाढलंय म्हणे.” बंगला बांधल्यापासून रावसाहेब पहिल्यांदाच तिकडे गेले. उपटायला लावलेलं झाड त्यांनी ओळखलं. घासूनपुसून पितळी घंगाळ आणवलं. भागीबाईने दोन दिवस खपून मातीच्या गड्ड्यासह झाड हलवलं.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. रावसाहेबांनी ‘शिस्त आणि सूर्यप्रकाश’ या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. प्रदर्शनाला आलेल्या, जिल्ह्याच्या बड्या गोऱ्या साहेबाच्या मडमेने झाड वाढवणाऱ्या माळ्याला भेटायची इच्छा दाखवली. भागीबाईला पुढे आणलं. दुभाषे अर्थात रावसाहेबच.

“बाईसाहेब, याला उन्हात ठेवाल तर मरेल,” भागीबाई म्हणाली. “यांनी एक मारलंय.”

रावसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं, की मालकाच्या देखरेखीखाली झाड दिवसभर ऊन खातं, त्यामुळेच ते असं तजेलदार आहे. आणि खूश होऊन त्यांनी चार खोडांचा एक गड्डा मडमेला भेटही दिला.

तो गड्डा दीड महिन्यात करपला. मडम तडक बंगल्यावर आली, बरोबर तिचा खानसामा नजीरभाई होता. रावसाहेब कचेरीत गेलेले. भागीबाईने दोघांना न्हाणीघरामागे नेलं, पालापाचोळा उकरून दाखवला आणि चार वर्षांपूर्वीच्या ‘सभे’सकट सगळी हकीकत सांगितली. नजीरभाईने तिचा शब्द न् शब्द इंग्रजीत पोचवला. मडम इतकी हसली, की तिला न्हाणीघराच्या पायरीवर बसावं लागलं.

“आमच्या बागेवर येतेस का, असं विचारतायत,” नजीरभाई म्हणाला.

भागीबाईने जरा विचार केला. “येईन. पण कुंडी कुठं ठेवायची ते मी सांगणार. इचारा त्यांना, चालंल का?”

मडमेला चाललं. भागीबाई दुसऱ्याच दिवशी गाठोडं घेऊन गेली. पहिल्यांदा तिने तिथल्या सावली लागणाऱ्या झाडांना उन्हातून उचललं. काठीने हुकूम सोडणारं कुणी नव्हतं. मडम तर गुडघ्यांवर बसून तिच्याबरोबर माती कालवायची. एवढ्या वयात आपल्याला कुणी काही विचारतं, याचं भागीबाईला पहिले काही दिवस हसूच येत राहिलं.

नव्या वर्षाच्या मुजऱ्याला रावसाहेब साहेबाच्या बंगल्यावर गेले, तेव्हा त्यांना व्हरांड्यात तासभर बसवून ठेवलं होतं. समोर भागीबाई झारीने पाणी घालत होती.

“मीच धाडलंय हिला इथे,” ते शेजारच्या वकिलांना म्हणाले. “साहेबांनी फार आग्रह केला.”

भागीबाईला ते ऐकू गेलं. तिने “बरं हाय ना मालक?” असं विचारलं, आणि पाय जरा मागे घ्यायला सांगून त्यांच्या खुर्चीमागच्या कुंडीला पाणी घातलं.