एक लाख एक वाती

बाळांनो, आमच्या जळोचीच्या गल्लीतल्या बायकांनी यंदा लाखवातींचा संकल्प केला. कापसाच्या लाख वाती वळायच्या आणि महादेवापुढे लावायच्या. शून्यावर थांबायचं नाही, म्हणून वर एक. शिवाय प्रत्येकीच्या वाती सारख्याच हव्यात, पुण्य कुणाला कमी-जास्त नको.

आम्ही दहा जणी होतो. वडीलधाऱ्या अक्कांनी दहा-दहा हजार वाटले आणि एक वात उरली. ती प्रत्येकीलाच हवी होती.

"सगळ्या मिळून वळू," मी म्हणाले.

"एका वातीला धा जणींचे हात? पीळ तरी बसंल का?" अक्का म्हणाल्या.

इंदापूरकडून नवीनच राहायला आलेली शेजारीण कापसाची पिशवी घेऊन दाराशी उभी होती. आदल्या दिवशी तिने मलाही घ्या म्हटलं होतं, आणि वाटण्या झाल्या सांगून अक्कांनी तिला परत पाठवलं होतं. आज ती पुन्हा आली होती.

मी मनात १,००,००१ मांडला. एक सोडून एक अंक मिळवले, तर दोन्ही बेरजा एकच येतात. म्हणजे अकराने भाग जातो.

"अकरा जणी करा," मी म्हणाले. "प्रत्येकीला नऊ हजार एक्याण्णव. हिला आत घ्या."

अक्कांना ते रुचलं नाही. "तेरा करू की. म्हायेरच्या तिघी भावजया आणते."

"तेरांत पाच उरतात."

"मग बारा, पंधरा, काय बी करा. कॉलेज शिकलाय न्हवं तुमी?"

शिकले होते, गणितच घेऊन. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर दुसऱ्या कुठल्या आकड्याने भाग जातो का ते बघायला कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी नऊ हजार एक्याण्णव फोडायला घेतला. त्याचं वर्गमूळ पंचाण्णवच्या जरा पुढे, म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, दोनपासून एकोणनव्वदपर्यंत, भागून पाहिलं. चोवीस भागाकार झाले आणि प्रत्येक वेळी बाकी उरली. शेवटची बाकी लिहून मी खाली रेघ मारली: हा आकडा फुटत नाही.

संध्याकाळी पान अक्कांपुढे ठेवलं. ती शेजारीण तेव्हाही पिशवी घेऊन दाराशी उभी होती. "सारखी वाटणी करायची तर अकरा जणी, नाहीतर नऊ हजार एक्याण्णव जणी. मधलं काही नाही."

"एवढ्या बसवायच्या कुठं?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

अक्का पानाकडे बघत राहिल्या. "अकरावी म्हणून एक भावजय आणली असती."

"आणि बाकीच्या दोघी?" त्यांची सूनच म्हणाली. "एकीला बोलावून दोघींना वगळलं, तर म्हायेरची वाट बंद व्हईल तुमची."

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "उभी काय ऱ्हातीस? ये. सरका गं जरा."

ती आत आली, माझ्या शेजारी बसली आणि पिशवी उघडली. तिची पहिली वात अक्कांनी उजेडाला धरून पाहिली आणि ताटात ठेवली. पीळ आमच्या सगळ्यांपेक्षा घट्ट होता.