छाटणीचं पान

“अहो कंडक्टर, फळी नाय ती, पोराचं कॉलेज हे! टपावर नका टाकू!”

दिंडोरीच्या स्टँडवर आमचे वडील, म्हणजे नाना, असे ओरडले की समोरच्या हॉटेलातली भजी तेलात दचकली. माझा ड्रॉइंग बोर्ड एसटीत मावेना. शेवटी तो अर्धा खिडकीबाहेर काढून मी पुण्याला निघालो. वाऱ्याने बोर्डाचा असा पंख झाला, की ड्रायव्हर जरा बेसावध असता तर गाडी ओझरच्या विमानतळावरच उतरली असती. आई एवढंच म्हणाली होती, “पोचल्यावर पत्र टाक. चित्र नको, अक्षरं लिही.” ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना पुढचं ठाऊकच आहे. मागे राहिलेल्यांना सांगतो. पुण्यात मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागलो. इतके ससे काढले, की रांगेत उभे केले तर पहिला दिंडोरीत पोचेल आणि शेवटचा स्वारगेटला रिक्षावाल्याशी भांडत असेल. मग कॉम्प्युटर आला. ब्रश सुटला, मान धरली. “डोळे अजून मोठे करा, क्यूट दिसू द्या,” म्हणणारे एडिटर बदलत गेले, सशांचे डोळे वाढत गेले आणि मला चष्मा लागला. हत्ती नेटवर बघून, समुद्र नेटवर बघून, आजीसुद्धा नेटवर बघून काढायची. न बघता काढता येईल असं एकच उरलं होतं : आमची द्राक्षबाग. तेवढ्या जोरावर मी स्वतःला चित्रकार म्हणवत होतो.

म्हणून शेतीच्या एका पुस्तकात बागेच्या छाटणीचं पान वाट्याला आलं, तेव्हा दमलेला मी तीन दिवस जागचा हललो नाही. कात्री चालवणाऱ्या बाया, वर लोंबणारे जांभळे घड. छपाईला जाण्याआधी एक प्रिंट मोठ्या तोऱ्यात घरी कुरिअर केली.

नानांचा फोन आला. “लय भारी हे. पण काय रे, छाटणीला घड कुठून आणले? अन् जांभळे? आपला माल हिरवा ना!”

वेलीवर एकही घड नसतो तेव्हाच छाटणी होते, हे आमच्याकडे शेळीलाही कळतं.

“पान थांबवतो, नाना,” मी म्हणालो. “दोन दिवस घरी येतो. बागेत बसून, बघून नीट काढतो.”

पलीकडे नानांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

“बाग गेल्या साली तोडली,” नाना म्हणाले. “टोमॅटो लावलेत.”