मुळं उन्हाकडे करून

लिंबातून रक्त कसं काढतात हे शाळेत दरवर्षी मुलांना करून दाखवणारा माणूस म्हणजे मी. परभणीत एका खाजगी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याची मी वर्गात इतकी टिंगल केली आहे की एका पालकाने माझी तक्रारसुद्धा केली होती. त्यामुळे खाली जे लिहितोय ते लिहायला मला लाज वाटते. पण ते वेळेवर न बोलल्याची लाज त्याहून मोठी आहे, म्हणून लिहितोय.

गाव मानवत तालुक्यातलं. नाव देत नाही, गावातली पोरं हे सगळं मोबाईलवर वाचतात. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा एक छोटा बंधारा आहे. धरण म्हणावं इतका मोठा नाही. पावसाळ्यात ओढ्याचा लोंढा गावात शिरू नये म्हणून फार पूर्वी घातलेला. आम्ही त्याला पाळ म्हणतो. एका टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा, पाण्याच्या बाजूला रचलेले दगड, आणि पाळीच्या खाली ओढ्याकाठी सात घरं. त्यातलं पहिलं आमचं.

माझे वडील, आण्णा, या पाळीचे चौकीदार. जन्मभर रोजंदारीवर. ‘कायम करतो’ म्हणणारे साहेब एकामागून एक रिटायर झाले, आण्णा रोजंदारीवरच राहिले. दिवस उगवताना पाळीवरून एक फेरी मारायची, उंदराचं किंवा घोरपडीचं बीळ दिसलं की बुजवायचं, आणि उगवलेलं प्रत्येक रोप उपटायचं. बाभूळ असो, कडुलिंब असो नाहीतर पिंपळ. रोप मुळासकट काढायचे, मुळांची माती झटकायचे, ते पुन्हा धरू नये म्हणून दगडावर मुळं उन्हाकडे करून ठेवायचे, आणि खड्ड्यात माती भरून टाचेनं ठोकून बसवायचे. हे मी लहानपणी रोज पाहिलंय. एकदा विचारलंही होतं, की झाडानं तर माती धरून राहते ना?

“गवतानं ऱ्हाती,” आण्णा म्हणाले. “झाडाचं मूळ पार आत जातंय. उद्या ते मेलं, कुजलं, की तिथं नळी ऱ्हाती. पानी त्या नळीतून यायलं की पाळ गेली म्हनून समज.”

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आण्णा अचानक गेले. आमच्याकडे हल्ली राख नदीत न सोडता खड्ड्यात घालून त्यावर झाड लावतात. चांगली पद्धत आहे, मी स्वतः तिचा प्रचार केलेला. सरपंचांच्या डोक्यात आलं की आण्णांनी जन्मभर पाळ सांभाळली, तर त्यांचं झाड पाळीवरच लावू. लगेच फ्लेक्स आला. त्यात आण्णांचा फोटो लहान आणि पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्याचा मोठा.

माय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “सुभाष, तुझ्या आण्णाला पाळीवर झाड चालत नव्हतं रे.”

“माय, लोक एवढ्या मानानं करायलेत. एका झाडानं काय होतंय?”

ज्या माणसाला जन्मात कुणी बसायला खुर्ची दिली नाही, त्याच्या नावानं टाळ्या वाजत होत्या. मला त्या टाळ्या हव्या होत्या. पिंपळाचं रोप मी माझ्या हातानं बापाच्या राखेत लावलं.

चौथ्या दिवशी मायचा फोन आला. रोप उपटून दगडावर ठेवलेलं. मुळं उन्हाकडे.

लोकांनी आमच्या भावकीवर संशय घेतला. भावकीनं देवाची शपथ घेतली. पुन्हा रोप लावलं, भोवती लोखंडी जाळी बसवली, कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे. दोन दिवसांत तेच. तिसऱ्यांदा लावलं आणि पुढच्या रविवारी मी स्वतः तिथं जाऊन बसलो. सकाळचे आठ वाजलेले, लख्ख ऊन. जाळी माझ्यापासून दहा पावलांवर. तेवढ्यात हेडमास्तरांचा फोन आला... बोलता बोलता मी पाण्याकडे तोंड केलं. फार तर दोन मिनिटं. वळलो, तर जाळीत रोप नव्हतं.

ते दगडावर होतं. मुळं झटकून स्वच्छ केलेली. कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या खिशात. जाळीच्या आतला खड्डा भरलेला होता आणि माती टाचेनं ठोकून बसवलेली होती. शेळी रोप खाते हो, पण खड्डा बुजवत नाही! 

मी तसाच सरपंचांकडे गेलो. म्हणालो, “पाळीवर झाड लावणंच चूक आहे. आण्णांनी जन्मभर तिथं एक रोप वाढू दिलं नाही.”

“सर, तुमीच तर लावलं की,” सरपंच हसले. “आण्णाचं मन कशात तरी अडकलंय. आपन व्यवस्थित करू.”

व्यवस्थित म्हणजे काय, तर पूजा झाली, नैवेद्य झाला, नर्सरीतून चांगला डोक्याएवढा उंच पिंपळ आणला आणि त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधला. पाळीच्या माथ्यावर, चांगलं खोल खणून. मग गावात रांगच लागली. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याचं झाड पाळीवर, आणि प्रत्येकाला सिमेंटचा कट्टा. त्यानंतर एकही झाड उपटलं गेलं नाही. लोक म्हणाले, बघा, आण्णा शांत झाले.

मी अर्ज केला. या कार्यालयानं त्या कार्यालयात पाठवलं, त्यांनी सांगितलं की बंधारा आता ग्रामपंचायतीचा आहे. खूप खेटे घातल्यावर एक साहेब पाहायला आले. पारावर बसून चहा घेतला. म्हणाले, “तुमचं म्हणणं बरोबर आहे सर, पण भावनेचा विषय आहे.” आणि कागदावर बंधारा सुस्थितीत असल्याचं लिहून गेले. मी घरी आलो आणि गप्प बसलो. उन्हाळ्यात कुणी पाणी घालत नव्हतं. निम्मी झाडं उभ्या उभ्या वाळली, त्यांची मुळं आत तशीच राहिली.

असे काही पावसाळे गेले. मग एका आषाढात मायचा फोन आला. दारातली तुळस उपटलेली होती. दुसऱ्या दिवशी कढीपत्ता. तिसऱ्या दिवशी जास्वंद. सगळं ओट्यावर मुळं उन्हाकडे करून ठेवलेलं, खड्डे ठोकून बसवलेले. मी सुट्टी टाकून गेलो. माय उंबऱ्यात बसली होती, मांडीवर ती वाळलेली तुळस.

“ही तुळस त्यायनीच लावली व्हती,” ती म्हणाली. “ते हिला उगं उपटतील का? सुभाष, ते म्हनायलेत, मुळासगट निघा हितून.”

मी म्हणालो, माय, असं काही नसतं. आणि त्याच दिवशी तिचं बोचकं बांधून तिला परभणीला घेऊन निघालो.

शेजारची कौसामावशी दारात आली. गुडघे गेलेली, भिंतीला धरून चालणारी. लहानपणी तिच्या घरी मी अर्धं जेवण जेवलोय. “कामून न्यायलास रे मायला?”

“डोळे दाखवायचेत, मावशी.”

विज्ञानाचा मास्तर उपटलेल्या तुळशीला भिऊन आईला हलवतोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? म्हणून खोटं बोललो.

भाद्रपदात दोन दिवस पाऊस लागून राहिला. दुपारी मी वर्गावर होतो तेव्हा पाळ फुटली. बरोबर पाराखाली. सरपंचांचा पिंपळ, आण्णांची राख, सगळं लोंढ्याबरोबर खाली आलं. आमच्या घराची एक भिंत राहिली. बाकीच्या घरांतली माणसं पळाली. कौसामावशी पळू शकली नाही.

तिच्या तेराव्याला तिचा मुलगा सहज बोलून गेला, “सर, शेवटी शेवटी मायचं सगळ्यांशी भांडणच चालू होतं. दारातला शेवगा कुनीतरी उपटून ठिवला व्हता. मुळं वर करून. वर माती बी ठोकून बसवली व्हती बघा.”

मी एकेकाला विचारत गेलो. कुणाची मिरची, कुणाची मोगऱ्याची वेल, कुणाचं पपईचं झाड. साती घरी तेच झालं होतं. प्रत्येकाला वाटलं, हे शेजाऱ्याचं काम. कुणी कुणाला विचारलं नाही, नुसता अबोला धरला. आणि त्याचा अर्थ ठाऊक असलेला एकच माणूस डोळ्यांचं निमित्त करून निघून गेला होता.

मी हे मायला सांगितलं.  ती म्हणाली, “त्यायनी सातीच्या सात घराला सांगितलं. तू एकट्या आपल्याच घराला न्हेलंस.”

 ते सगळं कुणी, कसं केलं, हे मला अजून कळलेलं नाही. कुलपाचा विचार मी शंभर प्रकारे करून पाहिला, सुटत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, टिंगल केलीत तरी चालेल.

पाळ यंदा दुरुस्त झाली. उद्घाटनाला पुढारी तेच, फक्त फ्लेक्स नवा. आणि कार्यक्रम काय, तर नव्या पाळीवर वृक्षारोपण! या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंपळ आणि कडुलिंबाची रोपं. मी उठून विरोध केला, तर माईक काढून घेतला.

परवाच्या रविवारी पहिल्या एसटीनं गेलो. ठरवूनच गेलो होतो, तक्रार झाली तर होऊ दे. पाळीवर चढलो. ऊन नुकतंच वर येत होतं. सांडव्याच्या बाजूची निम्मी रोपं आधीच दगडांवर ओळीनं ठेवलेली होती, मुळं उन्हाकडे करून. खड्डे बुजवलेले, माती ओली. पाळीवर दुसरं कुणी नव्हतं.

मी चपला काढल्या आणि या टोकाकडून उपटायला सुरुवात केली.