डब्याच्या बुडाचा फोटो

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला दोन महिने घरात बसवलं. सुनेने मोबाइलला चिमट्याने लावायचं एक छोटं भिंग आणून दिलं. मला विरंगुळा हवा हे खरं. मी तिच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये, हे त्याहून खरं. झालं उलटंच. फोटो काढायला वस्तू लागतात, आणि त्या सगळ्या स्वयंपाकघरातच असतात.

किसणीचे दात, चहाच्या गाळणीची जाळी, ताटलीतल्या पाण्यावर तरंगणारे तेलाचे थेंब. कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी तिरपं ऊन येतं. समोर मिठाईच्या खोक्याचं पांढरं झाकण उभं केलं की सावली मऊ होते. उजेड समोरून आला तर वस्तू सपाट दिसते, बाजूने आला तर बारीकसा चराही लपत नाही, एवढं मला आठवड्याभरात कळलं. बँकेत जन्मभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या होत्या, त्यामुळे बारकाईची खोड होतीच.

मग आईचा पोळ्यांचा डबा काढला. याला मी कोणाला हात लावू देत नाही. आई गेल्यावर मार्केट यार्डाजवळच्या तिच्या घरावरचा हक्क मी सोडावा, म्हणून धाकटा भाऊ कागद घेऊन आला होता. मी सही करत नव्हते. घराची मला गरज नव्हती, पण जाताना आईने सगळं मुलाला म्हणून सांगितलं आणि माझं नावसुद्धा काढलं नाही, याचा भयंकर राग होता. दुसऱ्या खेपेला भावाने हा डबा आणला. बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी माझं नाव कोरलेलं, खाली 'आईकडून'. तुझ्या लग्नातच आईने नाव घालून ठेवलं होतं, द्यायचं राहून गेलं, असं तो म्हणाला. मी डबा पोटाशी धरून रडले आणि त्याच दुपारी सही केली.

तर ते नाव मला फोटोत हवं होतं, मोठं करून भिंतीवर लावायला. डबा खिडकीत पालथा घातला आणि भिंग लावलं.

आधी चरे दिसले. तीस वर्षांच्या काथ्याचे, राखेचे, तारेच्या घासणीचे. ते ठिपक्यांवरून गेलेले असायला हवे होते. इथे ठिपक्यांनीच ते मध्ये तोडले होते. प्रत्येक ठिपक्याची कड धारदार, आतला भाग लखलखीत. माझंच काही चुकतंय असं वाटून, लग्नात आत्याने दिलेला तांब्या त्याच उन्हात ठेवला. त्याच्यावरचे ठिपके बुजत आले होते, कडा झिजल्या होत्या, आणि चरे त्यांच्यावरून सरळ आरपार गेले होते. म्हणजे डबा जुना आणि नाव नवं. आई तर शेवटची चार वर्षं अंथरुणातून उठली नव्हती.

फोटो मी तरीही मोठा करून घेतला आणि बैठकीत लावला. इतका चांगला फोटो मला पुन्हा जमलेला नाही.

भाऊबीजेला भाऊ आला. फोटोसमोर उभा राहून त्याने मोबाइलचं कौतुक केलं, किंमत विचारली. मी त्याला ओवाळलं, फराळाची ताटली पुढे केली आणि विचारलं, "हे नाव कधी घातलंस?"

त्याने चकली मोडली. मान वर केली नाही.

"आई गेल्यावर. तू सही करत नव्हतीस ना." मग म्हणाला, "आईच्या मनात असेलच की गं, ताई."

ताटात ओवाळणी ठेवून तो निघून गेला. मी भांडले नाही, याचं त्याला बरं वाटलं असावं. घराचं मला आजही काही नाही. नुसतं 'ताई, सही कर' म्हणत आणखी दोन वेळा आला असता, तर कुरकुर करत केलीच असती. पण त्या दोन शब्दांवर मी आईला माफ केलं होतं, आणि ते भांड्यांच्या दुकानातल्या कुणा माणसाने पाच मिनिटांत मशीनने कोरून दिले होते. आता तो सगळा राग माझ्याकडे परत आला आहे, आणि भांडायला आई नाही.