छत्रीच्या कापडाचा तंबू

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायचो. सुट्टी मिळाली की डोंगर. सोबतीला कारखान्यातलाच एक मित्र, ठाण्याच्या कोळीवाड्यात वाढलेला. दोरी हातात आली की त्याची बोटं बोलता बोलता गाठ मारून मोकळी व्हायची.

आम्ही भाड्याने कॅनव्हासचा तंबू न्यायचो. तो कोरडा असतानाच पाठ मोडायचा, आणि दवाने भिजला की विचारूच नका. लोखंडी खांबांचं ओझं वेगळं. एकदा चढावर दम खात मित्र म्हणाला, "काठ्या तर आपल्या हातात असतातच. मग हे खांब कशाला वाहतोय रे आपण?"

कल्पना त्याची, शिवण माझी. कल्याणच्या बाजारातून छत्रीचं काळं नायलॉन आणलं. आईच्या मशीनवर दोन लांब पट्टे वरच्या कडेला जोडले, खालच्या कडांना नाडीचे फास आणि दोन्ही तोंडांना पडदे लावले. दोन टोकांना आमच्या वेळूच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर कापड टाकायचं, बाजूंना खुंट्या ठोकायच्या. घडी केली की सगळा तंबू खांद्याच्या शबनम पिशवीत मावायचा. आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ती खुशी माहुलीच्या पठारावर संपली. दिवस मावळायच्या आत तंबू उभा केला, तर मध्ये हा एवढा झोळ. जितक्या दोऱ्या ताणू तितक्या कडा ताठ होत, पण मधलं कापड लोंबतंच. मग वारा सुटला. तो झोळ शिडासारखा फुगायला लागला, आणि एक काठी फर्रकन कापड फाडून वरून बाहेर आली. आम्ही सामान उचलून झाडांच्या आडोशाला गेलो.

परत आल्यावर फाटलेलं कापड घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. काकू ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. पन्नाशीच्या होत्या, डोंगर त्यांनी गॅलरीतून पाहिलेला तेवढाच. मला वाटलेलं, एक ठिगळ मारून देतील. त्यांनी कापड उलटसुलट केलं, माझी शिलाई नखाने खरवडली आणि म्हणाल्या, "हे अंगावर कसं बसतं ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. उभा करून दाखव."

"इथे?"

"गच्चीवर कर. खुंट्यांच्या जागी पाण्याच्या बादल्या ठेव."

रविवारी सकाळी मित्राला बोलावून घेतलं. सहा बादल्यांना दोऱ्या बांधून तंबू उभा राहिला. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका थांबून बघू लागल्या. काकूंनी दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून आत डोकावल्या. मग मित्राला म्हणाल्या, "या दोन काठ्यांच्या मध्ये एक दोरी बांध रे. अगदी ताठ."

त्याने सगळा जोर लावून बांधली.

"आता तिच्यावर ओला टॉवेल टाक."

दोरी मध्ये वाकली.

"बघितलंस?" त्या माझ्याकडे वळल्या. "कापडाला वजन असतं. ते वाकणारच. तू वरची कड सरळ कापलीस, म्हणून ते आपल्या मनाने वाकलं. तो वाक आपणच आधी कापून द्यायचा. ब्लाउजच्या गळ्याला देतो तसा. मग टोकं ओढली की मधलंसुद्धा ओढलं जातं."

मी विज्ञानाचा पदवीधर. खडू आणायला मीच खाली पळालो.

त्यांनी वरच्या कडेला मधोमध चार बोटं खोल खडूची खूण केली आणि दोन्ही टोकांपर्यंत एका दमात वाक काढला. पट्टी नाही, दोरा नाही. काठ्यांची टोकं जिथे टेकतात तिथे जुन्या चामडी पर्सचे गोल तुकडे लावायचं ठरलं. मित्राने दोऱ्यांसाठी एक गाठ शिकवली. ती सरकवली की दोरी ताणली जायची आणि सोडली की जागच्या जागी राहायची. काकूंनी ती त्याच्याकडून तीनदा मारून घेतली आणि चौथ्यांदा स्वतः मारली.

पहिला प्रयत्न मात्र फसला. वाक जास्त झाला, कडेला सुरकुत्या पडायला लागल्या. मी म्हटलं, "चालेल काकू, एवढं काय!"

"तुला चालेल," त्या म्हणाल्या, आणि सगळी शिलाई उसवली. शिलाईच्या आत राखलेलं कापड थोडं सोडून वाक उथळ केला आणि पुन्हा शिवलं. पण नायलॉनला सुईची भोकं पडली की बुजत नाहीत. म्हणून उसवलेल्या ओळीवर त्याच कापडाची पट्टी बसवली आणि पँटीला घालतात तशी दुहेरी शिलाई मारली. कापलेल्या कडा उदबत्तीच्या निखाऱ्याने अलगद जाळून घेतल्या, धागे निघू नयेत म्हणून. मी तेव्हा त्यांच्या दारात उभा राहून नुसता बघत होतो. त्यांच्या हाताला घाई नव्हती आणि संकोचही नव्हता.

तंबू तयार झाल्यावर मी न्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मी पण येते."

"काकू, चढ आहे."

"मग चढू."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं कल्याणहून एसटीने मलंगगडाच्या पायथ्याशी गेलो. काकूंनी साडी वर खोचलेली, पायात लेकीचे कॅनव्हासचे बूट. पायऱ्यांची वाट सोडून आम्ही एका सोंडेवर चढलो. त्या दर वळणावर बसत होत्या, पण परत जाऊया असं एकदाही म्हणाल्या नाहीत. वर पोचलो तेव्हा वारा चांगलाच होता.

तंबू त्यांनीच उभा करवला. खुंटी शिरत नव्हती तिथे मित्राने दगडाला दोरी गुंडाळली. वाऱ्याच्या बाजूची काठी त्यांनी वीतभर कलती करायला लावली. कापड ताठ झालं. वारा आला की त्यावरून सळसळत निघून जायचा, तंबू जागचा हलत नव्हता. मित्राने शिट्टी मारली. काकूंनी तळव्याने कापड थोपटलं, बूट काढून बाहेर ठेवले आणि आत जाऊन, पडदे ओढून आडव्या झाल्या. अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या घामाघूम.

"आत पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "श्वासाची वाफ जाणार कुठे? वर दोन्ही टोकांना झरोका हवा, वर टोपी असलेला. आणि चष्मा ठेवायला खिसा."

पुढच्या आठवड्यात तेही झालं. आमचा तंबू पाहून मग बाकीचे ट्रेकर त्यांच्याकडे यायला लागले. काकू आधी विचारायच्या, "उंची किती? कुशीवर झोपतोस की उताणा?" मग गिऱ्हाइकाला घरातल्या फरशीवर झोपायला लावून टेपने माप घ्यायच्या. एक चांगले मिशाळ बँक ऑफिसर तिथे हात छातीवर ठेवून निमूट पडलेले मी पाहिलेत.

काही वर्षांनी नाणेघाटात मला दुरून एक निळा तंबू दिसला. वरच्या कडेचा तो उथळ वाक मी कुठेही ओळखला असता. जवळ जाऊन विचारलं, तर अनोळखी मुली होत्या, ठाण्याच्या. "डोंबिवलीच्या एक काकू आहेत ना, त्या शिवतात," असं त्या मलाच समजावून सांगायला लागल्या. मी सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर काकूंना सांगितलं, तर मशीन न थांबवता त्यांनी विचारलं, "चहा तरी दिला का तुला त्यांनी?"