नाडी बांधून पाहिलेले रोहित

गेल्या हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावरची सगळी बदकं मी एकटीनं उडवली. "अहो, तिकडं बघा, तिकडं!" एवढंच मी म्हणाले होते. पण आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं माझं 'एवढंच' अख्ख्या गल्लीला पुरतं. लेकानं हौसेनं आणलेलं कानाचं मशीन ह्यांच्या खिशात आरामात राहतं. घातलं की डोकं भणभणतं म्हणे. मग मी बोलायचं, ह्यांनी "आं?" करायचं आणि मी अजून वर चढायचं, असा आमचा संसार.

तळ्याकाठचा कचरा उचलायला आणि पक्षी बघायला आमचा गट जमवणारे सर, म्हणजे निवृत्त मास्तर, यंदा आधीच फोनवर बोलले. "वहिनी, राग मानू नका. पण या खेपेला पक्षी उडाले तर पुढच्या सहलीपासून तुम्ही दोघं घरी."

राग नाय आला, पण लई वाईट वाटलं. ह्यांना रोहित बघायचे होते, ते फ्लेमिंगो म्हणतात ना, तेच. आणि कान गेल्यापासून हा माणूस दुसऱ्या कशालाच घराबाहेर पडत नव्हता. चारचौघांत कोण कशाला हसतंय कळत नाही, म्हणून लग्नकार्यंसुद्धा टाळायचे. ही एवढीच सहल उरली होती.

मग मी शक्कल लढवली. गुलमंडीच्या बाजारातून परकराची नवीकोरी नाडी आणली. एक टोक ह्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या. एक हिसका म्हणजे डावीकडं, दोन म्हणजे उजवीकडं, तीन म्हणजे वर. गच्चीवर कबुतरांवर तालीम केली. शेजारीण कठड्यावरून बघतच राहिली. "व्यायाम!" मी म्हणाले.

जाताना वाटेत चितेगावला गाडी चहाला थांबली. नाडी सोडायची राहिली, हे तरातरा टपरीकडं निघाले आणि मीही फरफटत मागं. गटातली एक तरुण शिक्षिका इतकी हसली की चहा तिच्या नाकातून आला. "काकू, सात फेरे परत घेताय का?" सर मात्र हसले नाहीत.

पाण्याकाठी बाभळीच्या झुडपांआड आम्ही बसलो. सरांनी ओठांवर बोट ठेवलं, तेही फक्त माझ्याकडं बघून. मी पदराचा बोळाच तोंडात कोंबला. एक हिसका, डावीकडं चक्रवाक. दोन हिसके, उजवीकडं बगळे. हे खूश! प्रत्येक पक्ष्याला मान डोलावून दाद देत होते.

तेवढ्यात मला रोहित दिसले. लांब, उथळ पाण्यात उभे, पांढरी रेघ ओढल्यासारखे. अगं बाई! मी हिसक्यांवर हिसके दिले, हिशोबच सुटला. हे वर बघतात, खाली बघतात, मागं बघतात, शेवटी माझ्याकडं बघतात. शिक्षिका ओढणी तोंडात धरून गदगदा हलत होती. मी ह्यांची हनुवटी धरली आणि तोंड तिकडं वळवलं.

"अगं ए! आले की गं रोहित! केवढे हे!"

माझ्या तोंडाचा बंदोबस्त झाला होता. ह्यांच्या तोंडाचा विचार कुणीच केला नव्हता.

सगळा थवा उठला. संपलं, आता आपण घरी, असं मनात म्हणत मी सरांकडं बघितलं. पण वर त्या पांढऱ्या पक्ष्यांचे पंख उघडले आणि आतून गुलाबी गुलाबी निघाले. सरांची दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत होती. "अरे बापरे! बघा रे, बघा!" ते माझ्याहून मोठ्यानं ओरडले. मग काय, सगळेच ओरडलो.

थवा पलीकडं जाऊन उतरला, तेव्हा सर भानावर आले. "चुकलंच आपलं," ते खाकरून म्हणाले. "पुढच्या खेपेला आपण तिघं मागं बसू, वहिनी."

आपण तिघं! मला नाचावंसं वाटलं.

ह्यांनी नाडी ओढली. "ते आवाज करतात का गं?"

मी हो म्हणून मान डोलावली. पलीकडून थव्याची कुरकुर चालूच होती. ह्यांनी जरा विचार केला, खिशातून मशीन काढलं आणि कानात बसवलं. डोळे मिटून ऐकत राहिले.

"येतंय का ऐकू?" मी सवयीनं ओरडले.

हे दचकले, मग हसले. "हळू बोल की. इथंच तर आहे मी."

कितीतरी सांगायचं होतं, पण हळू कसं बोलायचं तेच आठवेना.