सस्कॅचेवानचं स्थळ

“मॅडम, तितं डोंगुर हाय का?” नानांनी विचारलं.

मी लॅपटॉपवरचा तक्ता सांगता सांगता थांबले. तक्त्यात अकरा रकाने होते. फी, घरभाडं, नोकरीच्या संधी, बस, दवाखाना, सगळं होतं. डोंगराचा रकाना नव्हता.

“नाही, नाना. सगळं सपाट आहे. नजर जाईल तिथपर्यंत सपाट.”

“मंग पानी कुटनं येतं?”

नऊ वर्षं मी हे काम करते. मुलांना परदेशी शिक्षणाचा सल्ला द्यायचा, त्यांची फाइल तयार करायची आणि त्यांना विमानात बसवायचं. पाणी कुठून येतं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि मला ते माहीतही नव्हतं. “बघून सांगते,” म्हणाले. नानांनी मान हलवली. तेवढ्यात माझे दहा मार्क गेले, हे मला कळलं.

आमचं ऑफिस पुण्याजवळ, मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटला, एका हार्डवेअरच्या दुकानावर. मी मूळची लातूरची, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी सूसला राहायला आले. त्या मंगळवारी माझ्यासमोर उरवड्याचे तिघे बसले होते. प्रतीक्षा गोळे, वय बावीस, बीएस्सी अ‍ॅग्री. तिचे वडील आप्पा, गावातल्याच कारखान्यात मशीनवर. आणि आप्पांचे थोरले भाऊ नाना, ज्यांच्या होकाराशिवाय त्या घरात नवा पंखासुद्धा लागत नाही.

प्रतीक्षाला धान्य साठवणूक शिकायची होती. घरच्या इंद्रायणी तांदळाला दरवर्षी कीड लागायची आणि दरवर्षी सगळे “चालायचंच” म्हणायचे. हिला ते ‘चालायचंच’ चालत नव्हतं. या विषयाचा दोन वर्षांचा डिप्लोमा तिनं स्वतः शोधला होता, सस्कॅचेवानमधल्या एका सरकारी कॉलेजात. कॅनडाच्या मधोमध अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा असे तीन प्रांत आहेत. त्यांना प्रेअरी म्हणतात. एके काळचं गवताळ माळरान, आता मैलोन्‌मैल शेती. आपली मुलं तिकडे कमी जातात. का कमी जातात, तर कमी जातात म्हणून. सगळे जिथं जातात तिथं जाण्यात आपल्याला फार सुरक्षित वाटतं.

तिला ऑफर लेटर आलं होतं. ऑफर लेटर म्हणजे कॉलेजचा होकार. डिपॉझिट म्हणजे आपला होकार. तो शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. नाही दिला तर जागा दुसऱ्याला. पुढची बॅच थेट वर्षानं. आणि बावीस वर्षांची पदवीधर मुलगी वर्षभर घरी बसली की पाहुणे काय काय सुचवायला लागतात, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. प्रतीक्षा फाइलचं रबर ताणत बसली होती.

नानांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचा मुलगा निलेश चार वर्षांपासून ब्रॅम्प्टनला. टोरांटोच्या शेजारी, ओंटारियो प्रांतात.

“आपलं मानूस तितं हाय. त्याच्या शेजारी ऱ्हाईल. कोर्स काय, कुटला बी घ्या.”

“नाना, मला कुठला बी नकोय,” प्रतीक्षा पहिल्यांदाच बोलली.

“तू गप ऱ्हा गं. मॅडमशी बोलतुया मी.”

ते गेल्यावर आमचे बॉस, सलील सर, केबिनमधून बाहेर आले. त्यांचे कान फार चांगले आहेत.

“ओंटारियोची फाइल टाका ना. बिझनेस मॅनेजमेंट. घरचे खूश, आपण खूश.”

“आणि मुलगी?”

“कॅनडालाच चाललीय ना ती?”

 आमच्या धंद्यात काही कॉलेजं आम्हाला कमिशन देतात, काही देत नाहीत. प्रतीक्षाचं कॉलेज न देणाऱ्यांपैकी होतं. एवढं सांगितलं की सरांचं भूगोलाचं प्रेम समजून येईल.

बुधवारी सकाळी नाना एकटेच आले. हातात करवंदाच्या लोणच्याची बरणी. नकार देताना माणूस रिकाम्या हातानं येत नाही, हे मी मुळशीत शिकलेय. मी लगेच कॉलेजचा व्हिडिओ लावला. हसरी मुलं, लायब्ररी, बर्फात खेळणारी मुलं, पुन्हा लायब्ररी. नानांनी शांतपणे सगळं पाहिलं.

“मॅडम, सोयरा ग्वाडच बोलतो.”

“म्हणजे?”

“पोरीला स्थळ बगाया गेलो, तर सोयऱ्याला काय इचारायचं? त्यो म्हननार, आमचं समदं झ्याक. मी त्याच्या शेजाऱ्याच्या वट्यावर जाऊन बसतो. च्या मागतो. मंग कळतं घर कसं हाय ते.”

“नाना, हे लग्न नाही, अ‍ॅडमिशन आहे.” माझा आवाज जरा चढलाच.

“येकच. पोरगी घरातनं जाती ना?”

मला राग आला होता. बाविसाव्या वर्षी मी लातूरहून पुण्याला आले, तेव्हा माझ्याही काकांनी अशीच चौकशी केली होती, आणि मी तेव्हाही चिडले होते. पण काकांनी हॉस्टेलच्या वॉचमनशी अर्धा तास गप्पा मारल्या नसत्या, तर मला कोणी पाठवलं नसतं, हेही खरं होतं. मी बरणी जवळ ओढली.

“शेजारी मिळाला तर ऐकाल?”

“ऐकीन. पर शेजारी खरा पायजे.”

शोधायला अर्धा दिवस गेला. तीन वर्षांपूर्वी नाशिकची एक मुलगी आमच्याकडूनच प्रतीक्षाच्या कॉलेजच्या गावी गेली होती. ती कॉलेजपासून दोन गल्ल्यांवर एका बाईंच्या घरात, तळघराच्या खोलीत भाड्यानं राहिली होती. बाईंचं नाव डोना. वय सत्तरीच्या आसपास. मी फोन करून सांगितलं, की मुलीच्या घरच्यांना तुमच्याशी बोलायचंय. “अवश्य,” त्या म्हणाल्या. घरचे म्हणजे किती, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी उरवड्याला पोचले. ओसरीवर सतरा माणसं होती. भावकी आली होती. पाहणी म्हटल्यावर भावकी येणारच, त्यात निम्मे जण नुसते पोह्यांसाठी. नानांनी स्वच्छ टोपी घातली होती. आप्पा नाइट शिफ्ट करून तसेच आले होते, कंपनीच्या शर्टात. लॅपटॉप पाटावर ठेवला.

“तिकडं आत्ता बुधवारची संध्याकाळ आहे,” मी सांगितलं.

“म्हंजी आपुन फुडं हाय?” एका चुलत्यानं विचारलं. सगळ्यांना बरं वाटलं.

स्क्रीनवर डोनाबाई आल्या. पांढरे आखूड केस, चौकड्यांचा शर्ट. समोर सतरा डोकी पाहून त्यांनी चष्मा पुसला. प्रतीक्षाच्या काकींनी रिवाजाप्रमाणे पोह्यांची बशी कॅमेऱ्यापुढे धरली. बाईंनी वाकून पाहिली आणि हात जोडले. चांगली सुरुवात झाली.

भाषांतर माझ्याकडे होतं. नानांनी सरळ विचारलं, “शेती हाय का?”

“आहे. मुलगा बघतो आता.”

“किती?”

“चार हजार एकर.”

 उरवड्यात आता जमिनीचं बोलणं गुंठ्यात चालतं. एका काकांनी मला हळूच विचारलं, “मॅडम, शून्य जास्त न्हाई ना लागलं?”

“मानसं किती कामाला?”

“मुलगा आणि सून. पेरणीला मीही ट्रॅक्टरवर बसते.”

“पीक काय?”

बाई उठल्या, आत गेल्या आणि वाडगा घेऊन आल्या. मूठभर दाणे कॅमेऱ्यासमोर धरले.

“अगं बया, मसूर!” काकी ओरडल्या. “कालच आमटी केलती!”

डोनाबाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडचा पुष्कळ मसूर भारतातच येतो. पाणी कुठून, तेही कळलं. बर्फ वितळतं ते जमिनीत मुरतं, वर उन्हाळी पाऊस, आणि पिण्याचं पाणी नदीचं. नाना पुढे सरकून बसले होते. मी मनात शुक्रवारची पावती पाहायला लागले होते.

“थंडी कशी काय?” नानांनी विचारलं.

बाई बराच वेळ बोलल्या. मी भाषांतर केलं, “थंडी असते थोडी. पण सवय होते म्हणतात.”

“मॅडम,” मागून प्रतीक्षा म्हणाली, “त्या असं नाही म्हणाल्या.”

 ती पुढे आली आणि पाटाशी बसली.

“नाना, त्या म्हणाल्या, उणे पस्तीसपर्यंत जातं. रात्री गाडीच्या इंजिनाला वायर लावून ते गरम ठेवावं लागतं. उघडे कान दहा मिनिटांत बधिर होतात. हिवाळ्यात साडेचार-पाचलाच अंधारायला लागतं. त्यांच्याकडची नाशिकची ताई पहिल्या जानेवारीत रोज रडायची. रविवारी बस नसते. आणि गावात मराठी घर एकपण नाही.”

माझे कान उरवड्याच्या ओसरीवरच होते, तरी बधिर झाले. वाटलं, संपलं. नऊ वर्षांच्या अनुभवानं मी जे झाकलं, ते हिनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून उघडं केलं. तिला ठाऊक होतं, एवढं ऐकल्यावर नाही म्हणायला नानांना दुसरं काही लागणार नाही. तरी तिनं एकही शब्द गाळला नाही. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

नाना तिच्याकडे बघत होते, लॅपटॉपकडे नाही.

“इचार तिला, ती नाशकाची पोरगी पळून आली का माघारी?”

प्रतीक्षानं विचारलं. “नाही म्हणतात. फेब्रुवारीत कोट बदलला, मार्चमध्ये रडणं थांबलं. आता तिथंच धान्याच्या कंपनीत नोकरीला आहे. रविवारी यांच्याकडे जेवायला येते.”

मग आप्पा बोलले. त्या तीन दिवसांत मी त्यांचा आवाज प्रथमच ऐकला.

“पोरीला कामावरनं यायला उशीर झाला, तर दार कोन उघडतं?”

प्रतीक्षाला ते वाक्य इंग्रजीत करायला वेळ लागला. शब्द अवघड नव्हते, पण तिनं आधी दोनदा आप्पांकडे वळून पाहिलं. डोनाबाईंनी ऐकलं आणि दोनच वाक्यं बोलल्या.

“मी उघडते. सगळे आत आल्याशिवाय मला झोप येत नाही.”

आप्पांनी मान खाली घातली आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. काकींनी पोह्यांची बशी पुन्हा कॅमेऱ्यापुढे नेली. कशासाठी, ते कोणालाच कळलं नाही.

कॉल बंद झाल्यावर नानांनी भावकीकडे पाहिलं. “शेजारी खरा हाय. आपल्या घरचं वंगाळ त्यानं आपल्याच त्वांडानं सांगितलं.” मग प्रतीक्षाकडे वळले. “आन तू बी. मोडंल म्हनून ठाऊक आसून समदं सांगितलंस. तुला ब्रॅम्प्टनात राखनदार कशाला पायजे? जा.”

“नाना, खरंच?”

“जा म्हनलं ना. पोहे खा आदी.”

शुक्रवारी सकाळी डिपॉझिट भरलं. सलील सरांनी पावती पाहिली, “छान,” म्हणाले आणि केबिनचं दार लावून घेतलं. पुढे व्हिसाला वेळ लागला, एकदा जादा कागद मागितले, पण ऑगस्टच्या शेवटी मुलगी गेली. पहिल्या जानेवारीत ती रडली. मला फोन करून रडली. मी “सवय होईल” म्हटलं नाही. “कोट बदल,” म्हटलं. तिनं बदलला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या कोठारात दुपारची नोकरी करते.

या धंद्यात एक गोष्ट मी उशिरा शिकले. गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही म्हणून आपण वाईट भाग गोड करून सांगतो. गिऱ्हाईक त्यानं फसत नाही. त्याला फक्त कळतं, की आपण सोयऱ्याच्या बाजूचे आहोत.

गेल्या महिन्यात उरवड्याहून आणखी एक कुटुंब आलं. मुलाला मॅनिटोबाला पाठवायचंय. वडिलांनी खुर्चीत बसताच सांगितलं, की नानांनी तुमचंच नाव दिलं.

मी खूश झाले. विचारलं, “काय म्हणाले नाना?”

“म्हनले, बाई कामाची हाय. मेहनत लई घेती.” ते जरा अडखळले. “पर भाषांतर तेवढं पोराकडनं करून घ्या म्हनले.”